सी सर्व्हरमधे कनेक्शनचे बफर: मेमरी किती द्यायची, कोणी ठरवायची अन् परत कधी घ्यायची

नागपूर म्हणजे ट्रकचं गाव. एनएच ४४ अन् एनएच ५३ इथंच एकमेकांना आडवे जातात, वाडीला जा नाहीतर कापसीला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ट्रकच ट्रक, अन् आता त्यातल्या बऱ्याच गाड्यांत जीपीएस ट्रॅकर बसवलेला असतो जो मोबाइल नेटवर्कवरून कुठल्यातरी सर्व्हरला टीसीपी कनेक्शन जोडून ठेवतो अन् दर काही सेकंदांनी आपला ठावठिकाणा पाठवत राहतो. परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमधे नवीन लागलेल्या पोट्ट्या-पोट्टींच्या हातात कधी ना कधी असा सर्व्हर येतोच, त्यामुळे उदाहरण तेच घेऊ. दहा हजार ट्रॅकर, लिनक्सची १ जीबी रॅमवाली छोटी मशीन, सी मधे लिहिलेला सर्व्हर, ईपोलवर (कोणत्या कनेक्शनवर काही आलं ते कर्नलनं सांगायची लिनक्सची सोय) चालणारा. प्रत्येक ट्रॅकर दर ३० सेकंदांनी शंभरेक बाइटचा मेसेज पाठवतो असं धरा, म्हणजे सेकंदाला ३३३ मेसेज. काम तसं काहीच नाही. पण मेमरी चुकीच्या पद्धतीनं वाटली त एवढ्याशा कामाला ही मशीन पुरत नाही.

पहिल्यांदा लिहिताना बहुतेक जण काय करतात, कनेक्शनचा स्ट्रक्ट बनवतात अन् त्यातच ६४ केबीचा रिसीव्ह बफर अन् ६४ केबीचा सेंड बफर ॲरे म्हणून ठेवून देतात. दिसायला साफसुथरं. आता गुणाकार करा, १२८ केबी गुणिले दहा हजार, सव्वा जीबीच्या आसपास गेलं. कोणी म्हणेल की नाही भाऊ, मॅलॉक केल्याकेल्या खरी रॅम जात नाही, ज्या पेजला हात लागते तेच पेज कर्नल देते, टॉपमधे व्हर्ट (मागितलेली मेमरी) मोठा दिसला तरी रेस (खरी वापरातली रॅम) छोटा राहते. बरोबर आहे, शंभर बाइटच्या मेसेजसाठी एकदोन पेजच लागतील. पण एखाद्यानं सवयीनं कनेक्शन उघडल्यावर पूर्ण स्ट्रक्टवर मेमसेट फिरवला की सगळ्या पेजना हात लागला, अन् कधीतरी एखाद्या ट्रॅकरनं साठलेला डेटा एकदम ओतला की त्या बफरची सगळी पेजेस भरली अन् कनेक्शन जिवंत आहे तोवर ती परत येत नाही. असे हजार-दोन हजार ट्रॅकर एका दिवसात होतात, काहून की पावसात टॉवर बंद पडला की सगळे एकाच वेळी डेटा साठवतात अन् एकाच वेळी ओततात.

म्हणून एक गोष्ट आधी पक्की करायची, कोड लिहायच्याही आधी: एका कनेक्शनला जास्तीत जास्त किती मेमरी द्यायची हे तुम्ही ठरवायचं, समोरच्यानं नाही. अन् जे कनेक्शन आत्ता गप्प बसून आहे त्याला जवळजवळ शून्य. बाकीचं जे काही खाली लिहून राहिलो ते सगळं या दोन गोष्टी पाळायच्या कशा त्याबद्दल आहे.

सुरुवात मेसेजच्या मर्यादेपासून करा

आपला प्रोटोकॉल असा धरा: पहिले दोन बाइट म्हणजे मेसेजची पूर्ण लांबी, मग दोन बाइट प्रकार, मग मजकूर. दोन बाइटमधे ६५५३५ पर्यंतचा आकडा बसतो म्हणून तेवढं मान्य करायचं असं काही नाही. ट्रॅकरला २ केबीच्या वर कधीच लागत नसेल त मर्यादा २०४८ बाइट, विषय संपला. लांबी वाचली की लगेच दोन्ही बाजूंनी तपासा, २०४८ पेक्षा जास्त असेल तर कनेक्शन बंद, अन् ४ पेक्षा कमी असेल तरी बंद. खालची तपासणी लोक विसरतात. लांबी शून्य आली तर पार्सर (बाइटमधून मेसेज वेगळे काढणारा कोड) शून्य बाइट पुढे सरकतो, पुन्हा तोच शून्य वाचतो, अन् तिथंच गोल गोल फिरत बसतो, सीपीयू शंभर टक्के अन् बाकी ९९९९ गाड्या ताटकळत.

लांबी वाचताना बफरमधल्या पॉइंटरला थेट सोळा-बिट आकड्याचा कास्ट मारू नका, तो पत्ता अलाइन्ड असेलच असं नाही अन् कंपायलरच्या नियमातही ते बसत नाही. दोन बाइट मेमकॉपीनं एका सोळा-बिट अनसाइन्ड व्हेरिएबलमधे घ्या, एनटीओएचएस (नेटवर्कच्या बाइट-क्रमातून मशीनच्या क्रमात आणणारं) लावा, कंपायलर त्याचं तसंही एका-दोन इन्स्ट्रक्शनमधे रूपांतर करून टाकते.

समोरच्यानं सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवला की काय होते याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण हार्टब्लीड. २०१४ च्या एप्रिलमधे उघड झालं. ओपनएसएसएलमधे (एन्क्रिप्शनची लायब्ररी) हार्टबीटचा म्हणजे जिवंत आहे का विचारणारा मेसेज आला की त्यात जेवढी लांबी लिहिली आहे तेवढे बाइट परत पाठवायचे, पण प्रत्यक्षात तेवढे बाइट आले का हे तपासलंच नव्हतं, त्यामुळे एका वेळी ६४ केबीपर्यंत शेजारची मेमरी बाहेर जात होती, त्यात पासवर्ड, की, काहीही. एक तुलना राहिली होती, दोन आकड्यांची, बस्स.

एकाच बफरमधे सगळ्यांचं वाचन

आता मुद्द्याची गोष्ट, इथं थोडं थांबून वाचा.

ईपोलचा लूप एका थ्रेडवर चालून राहिला असेल तर कुठल्याही क्षणी तुम्ही फक्त एकाच कनेक्शनचं वाचत असता. दहा हजार कनेक्शन उघडी असली तरी रीड कॉल एका वेळी एकच. मग दहा हजार रिसीव्ह बफर कायला पाहिजे? प्रत्येक थ्रेडला एक ६४ केबीचा सामायिक बफर द्या, सगळ्यांचं वाचन त्यातच करा, तिथल्या तिथं पार्स करा, अन् मेसेज पूर्ण निघाले की त्या कनेक्शननं मेमरीत काहीच ठेवलेलं नसते.

अडचण एकच. टीसीपी म्हणजे बाइटचा प्रवाह आहे, त्याला मेसेजच्या हद्दी माहीत नाहीत. ट्रॅकरनं शंभर बाइटचा मेसेज एका सेंडमधे पाठवला म्हणून तुमच्या एका रीडमधे शंभरच येतील असं कुठंही लिहिलेलं नाही, चाळीस येतील, नाहीतर अडीच मेसेज एकदम येतील. लोकलहोस्टवर म्हणजे एकाच मशीनवर टेस्ट केलं की नेहमी बरोबर येते म्हणून पोट्टे फसतात. तर हा जो अर्धवट तुकडा उरते तो मात्र कुठंतरी जपून ठेवावा लागते, सामायिक बफरमधे ठेवला तर पुढचं कनेक्शन त्यावर आपला डेटा लिहून टाकेल.

तर असं करायचं. कनेक्शनच्या स्ट्रक्टमधे फक्त एक पॉइंटर अन् एक आकडा, उरलेला तुकडा कुठं आहे अन् किती बाइटचा आहे. सुरुवातीला पॉइंटर नल, आकडा शून्य. ईपोलनं सांगितलं की या कनेक्शनवर वाचायला काहीतरी आहे, तर आधी पाहा की मागचा तुकडा आहे का, असेल तर तो सामायिक बफरच्या अगदी सुरुवातीला कॉपी करा अन् रीडला सांगा की त्याच्या पुढून लिही, जागा ६५५३६ वजा तुकड्याची लांबी. रीड झालं की आता सामायिक बफरमधे जुना तुकडा अन् नवा डेटा एकामागे एक सलग आहे, पार्सरला कुठं जोड आहे हे कळायचीही गरज नाही. लूप लावा, कमीत कमी दोन बाइट आहेत का पाहा, लांबी काढा, तपासा, पूर्ण मेसेज असेल तर हँडलरला (मेसेजवर काम करणारं फंक्शन) द्या अन् पुढे सरका, नसेल तर बाहेर पडा. बाहेर पडल्यावर काही उरलं असेल तर तो तुकडा कनेक्शनच्या स्वतःच्या ब्लॉकमधे कॉपी करा, काहीच उरलं नसेल अन् ब्लॉक घेतलेला असेल तर तो परत करून पॉइंटर नल.

याची मजा अशी की मेसेजची मर्यादा २०४८ आहे म्हणजे उरलेला तुकडा २०४७ बाइटच्या वर जाऊच शकत नाही. त्यामुळे ब्लॉक नेहमी २ केबीचा, एकाच मापाचा. वाढवायचं लॉजिक नाही, रीअलॉक नाही, ओव्हरफ्लोची भीती नाही. मर्यादा आधी ठरवा म्हणून वर म्हटलं ते यासाठीच. सगळ्याच्या सगळ्या दहा हजारांचे तुकडे एकाच वेळी अर्धवट राहिले, जे होत नाही, तरी २० एमबी. अन् रोजचं पाहिलं तर शंभर बाइटचा मेसेज बहुतेक वेळा एकाच पॅकेटमधे येतो, त्यामुळे एका वेळी मोजकेच ब्लॉक वापरात दिसतात.

दोन पथ्यं पाळा. हँडलरनं सामायिक बफरमधला पॉइंटर कुठंही जपून ठेवायचा नाही, हँडलरमधून परत आलं की तो पत्ता मेला असं समजायचं. दुसऱ्या थ्रेडला, डेटाबेसच्या रांगेला काही द्यायचं असेल तर कॉपी करून द्या. अन् हँडलरला पॉइंटरसोबत लांबी द्याच, काहून की त्याच्यापुढे सामायिक बफरमधे मागच्या कनेक्शनचा डेटा अजून पडलेला आहे, अन् हँडलरनं स्ट्रलेन किंवा स्ट्रसीएचआर लावलं की तो दुसऱ्याच ट्रकच्या बाइटमधे घुसला. नेटवर्कवरून आलेल्या डेटाच्या शेवटी नल बाइट नसते हो, शोधायचंच असेल तर मेमसीएचआर, त्याला लांबी सांगता येते.

रीडच्या परत आलेल्या आकड्याबद्दल थोडक्यात: शून्य म्हणजे समोरच्यानं बंद केलं, उणे एक अन् ई-अगेन म्हणजे सध्या काही नाही, परत ईपोलकडे जा, उणे एक अन् ई-इंटर म्हणजे मधे सिग्नल आला, पुन्हा वाचा, बाकी कुठलीही चूक म्हणजे कनेक्शन बंद करा. अन् तो आकडा एसएसाइझ-टी मधेच घ्या. साइझ-टी मधे घेतला तर उणे एकचा इतका प्रचंड आकडा होते की पुढची बेरीज थेट बफरच्या बाहेर.

ब्लॉक कुठून आणायचे

दोन केबीचे ब्लॉक दरवेळी मॅलॉक-फ्री केले तरी या लोडला काही फरक पडणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो, ३३३ मेसेज सेकंदाला म्हणजे जीलिबसीच्या (लिनक्सवरची सी ची मुख्य लायब्ररी) मॅलॉकला झोपेत जमते. तरी पूल (आधीच घेऊन ठेवलेल्या ब्लॉकचा साठा) बनवायचं माझं कारण वेग नाही, हद्द आहे. कळमन्याच्या मार्केटात संत्री जशी ठरलेल्या मापाच्या क्रेटमधे येतात, क्रेट रिकामा झाला की परत रांगेत लागतो अन् क्रेट संपले की माल उतरायचा थांबतो, तसंच इथं पाहिजे. सुरू होताना एकदाच, समजा ४००० ब्लॉकची म्हणजे ८ एमबीची एक सलग मेमरी घ्या, मोकळ्या ब्लॉकची साखळी त्या ब्लॉकच्याच पहिल्या आठ बाइटमधे ठेवा, घ्यायचा तर साखळीच्या तोंडावरचा, परत करायचा तर तोंडावरच. नुकताच परत आलेला ब्लॉक पुन्हा पहिले दिला जातो, तो कॅशमधे गरम असतो, हा फुकटचा फायदा.

ब्लॉक संपले तर? आपण तर डेटा आधीच वाचून बसलो, तुकडा ठेवायला जागा नाही. या प्रकारच्या सर्व्हरमधे मी सरळ ते कनेक्शन बंद करा म्हणतो, अन् लॉगमधे एक ओळ. प्रोटोकॉलमधे पावती असेल, म्हणजे सर्व्हरनं मिळालं म्हटल्याशिवाय ट्रॅकर मेसेज पुसत नसेल, तर काही हरवत नाही, तो पुन्हा जोडेल अन् पुन्हा पाठवेल. पावती नसेल तर ती आधी टाका, बफर नंतर पाहू.

मोठे सर्व्हरही हेच करतात. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर रिक्वेस्टच्या हेडरसाठी मुळात १ केबीचा बफर घेते, त्यात मावलं नाही तरच मोठे बफर, डीफॉल्टला ८ केबीचे ४, त्याच्या वर गेलं तर चूक परत पाठवते, अन् कनेक्शन कीप-अलाइव्हमधे (पुढच्या रिक्वेस्टची वाट पाहत उघडं) गेलं की हे मोठे बफर सोडून देते. लहान सुरुवात, ठरलेली कमाल, गप्प बसलं की परत. वेगळं काही नाही.

वाढणारा बफर लागलाच तर

काही ठिकाणी एका मापात भागत नाही, उदाहरणार्थ डॅशकॅमचा फोटो. माझा सल्ला पहिले हाच की फोटो मेमरीत गोळा करू नका, जसजसा येईल तसतसा फाइलमधे लिहा. पण वाढवायचाच असेल तर दुप्पट करत न्या, थोडं थोडं वाढवलं तर कॉपी करण्यातच जीव जाते. दुप्पट करायच्या आधी पाहा की सध्याचं माप कमाल मर्यादेच्या निम्म्यापेक्षा जास्त तर नाही, गुणाकार करून मग तपासलं तर तोवर आकडा उलटलेला असू शकते. रीअलॉकचं उत्तर नेहमी वेगळ्या तात्पुरत्या पॉइंटरमधे घ्या. जुन्याच पॉइंटरमधे घेतलं अन् नल आलं तर जुनी मेमरी तशीच आहे पण तिचा पत्ता तुमच्याकडून गेला. अन् बफरच्या आतले पॉइंटर साठवू नका, सुरुवातीपासूनचं अंतर साठवा, रीअलॉकनं बफर दुसरीकडे हलवला की सगळे जुने पॉइंटर खोटे होतात. वाचून झालेला भाग पुढे सरकवायचा असेल तर मेममूव्ह, मेमकॉपी नाही, जागा एकमेकांवर येतात तिथं मेमकॉपीची हमी नसते.

लिनक्सवर मॅलॉक सहसा नल देतच नाही, मेमरी खरंच संपली की ओओएम किलर येऊन प्रोसेस मारते, म्हणून काही जण तपासणीच करत नाहीत. करा. प्रोसेसवर ॲड्रेस-स्पेसची मर्यादा लावलेली असली, ओव्हरकमिट बंद केलेलं असलं, की नल येतेच.

पाठवायची बाजू जास्त धोक्याची

येणाऱ्या डेटाला निसर्गतःच लगाम आहे. तुम्ही वाचलं नाही तर कर्नलचा बफर भरते, टीसीपीची विंडो (अजून किती पाठवता येईल तो आकडा) शून्य होते अन् समोरचा थांबते. जाणाऱ्या डेटाला असा लगाम नाही, तो तुम्हालाच लावावा लागते, अन् माझ्या पाहण्यातले मेमरी फुगलेले बहुतेक सर्व्हर इथंच फुगतात.

ट्रॅकरकडे आपण बहुतेक वेळा चार-सहा बाइटची पावतीच पाठवतो, तिकडे प्रश्न नाही. प्रश्न दुसऱ्या टोकाला, ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात नकाशा उघडून बसलेला जो क्लायंट आहे त्याला सेकंदाला शेकडो अपडेट जाऊन राहिले. त्याचं नेट हळू झालं किंवा त्याचा लॅपटॉप झोपला, सेंडनं ई-अगेन (सध्या जागा नाही) दिलं, अन् तुमचा कोड मोठ्या भोळेपणानं प्रत्येक अपडेट त्याच्या रांगेत जोडत राहिला. रात्रभरात रांग किती होते हिशेब करून पाहा.

पहिले सेंड कसं चालते त्याची गोष्ट. सेंड अर्धवट जाऊ शकते, हजार सांगितले अन् तीनशेच गेले, उरलेले सातशे कुठून सुरू होतात ते अंतर ठेवा अन् रांगेत टाका. ईपोलमधे लिहायच्या घटनेची नोंदणी फक्त रांगेत काही शिल्लक असतानाच करा, रांग रिकामी झाली की काढा, नाहीतर सॉकेट नेहमीच लिहायला मोकळं असते अन् लूप फुकट फिरत राहते. सेंडला एमएसजी-नोसिग्नल द्या म्हणजे समोरचा गेलेला असला तरी सिगपाइप सिग्नलनं अख्खी प्रोसेस मरणार नाही.

मग मर्यादा. रेडिसमधे (मेमरीत डेटा ठेवणारा सर्व्हर) पब-सब म्हणजे एकानं पाठवलेलं ऐकत बसणाऱ्या क्लायंटसाठी मुळात जे ठरवून ठेवलं आहे ते पाहण्यासारखं आहे: रांग ३२ एमबी झाली की ताबडतोब कनेक्शन तोडायचं, अन् सलग ६० सेकंद ८ एमबीच्या वर राहिली तरी तोडायचं. दोन हद्दी, एक कडक अन् एक वेळेवरची, म्हणजे क्षणभराच्या लाटेला माफी अन् कायमच्या ढिम्म क्लायंटला नाही. आपल्या छोट्या मशीनला २५६ केबी कडक अन् ६४ केबी वेळेवरची पुरे.

पण तोडायच्या आधी विचार करा की हा डेटा टाकून देता येतो का. गाडीचं लोकेशन टाकता येते, दहा सेकंद जुनी जागा कोणाला पाहिजे, शेवटची पाहिजे. म्हणून नकाशावाल्या क्लायंटसाठी रांगच ठेवू नका, प्रत्येक गाडीची ताजी जागा एका टेबलात ठेवा अन् क्लायंटसाठी फक्त एवढी नोंद की कोणकोणत्या गाड्यांचं सांगायचं बाकी आहे, गाडीमागे एक बिट, दहा हजार गाड्यांना १२५० बाइट. लिहायला जागा झाली की त्या क्षणाची ताजी जागा टेबलातून उचलून पाठवा. क्लायंट कितीही हळू असो, मेमरी तेवढीच राहते. इंजिन बंद करायची कमांड मात्र अशी गाळता येत नाही, तिची छोटी वेगळी रांग, अन् ती भरली की तोडा.

एकच मेसेज तीनशे क्लायंटना जाणार असेल तर तीनशे कॉपी करू नका. एक ब्लॉक, त्यावर किती जण अवलंबून आहेत याचा आकडा, प्रत्येकाच्या रांगेत फक्त पॉइंटर अन् आपण कुठवर आलो ते अंतर, शेवटच्यानं सोडलं की ब्लॉक परत.

कर्नलचा हिस्सा

तुमच्या प्रोग्रामच्या बाहेर प्रत्येक सॉकेटचे कर्नलमधे स्वतःचे बफर असतात, टॉपमधे तुमच्या नावावर ते दिसत नाहीत पण रॅम त्याच मशीनची जाते. सध्याच्या लिनक्सवर टीसीपी-आरमेमचे (रिसीव्ह बफरची कर्नलमधली सेटिंग) तीन आकडे साधारण ४०९६, १३१०७२ अन् ६२९१४५६ दिसतात, कमी, सुरुवातीचं, जास्त. घाबरू नका, ही मर्यादा आहे, आधीच घेतलेली मेमरी नाही, डेटा येऊन पडला तरच भरते. प्रत्यक्ष किती गेलं ते एसएस कमांडला मेमरीचा पर्याय देऊन सॉकेटवार पाहता येते. ट्रॅकरसारख्या कनेक्शनला एसओ-आरसीव्हीबफ (सॉकेटचा रिसीव्ह बफर ठरवायचा पर्याय) लावून कमी करता येते, लिसनिंग सॉकेटवर लिसन करायच्या आधीच लावा म्हणजे नव्या कनेक्शनना तेच मिळते. तुम्ही दिलेला आकडा कर्नल दुप्पट करून ठेवते, वाचून पाहिलं अन् दुप्पट दिसला तर बग नाही. अन् एकदा तो लावला की त्या सॉकेटचं आपोआप वाढणं बंद होते, त्यामुळे फोटोवाल्या पोर्टला लावू नका.

गेलेले ट्रक

नागपूरहून सिवनीकडे जाताना पेंचच्या जंगलातून गाडी जाते, तिथं नेटवर्क गेलं की ट्रॅकर काही निरोप घेऊन जात नाही. फिन नाही, रीसेट नाही (कनेक्शन संपल्याचे टीसीपीचे निरोप), तुमच्या सर्व्हरला ते कनेक्शन अजून जिवंतच दिसते, त्याचा स्ट्रक्ट, त्याचा ब्लॉक, सगळं धरून. नेटवर्क आलं की ट्रॅकर नवीन कनेक्शन करते, जुनं तसंच. दिवसभरात अशी भुतं जमत जातात. टीसीपीचं कीप-अलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का ते विचारणं) मुळात बंद असते, अन् चालू केलं तरी डीफॉल्टला ७२०० सेकंद म्हणजे दोन तासांनी पहिली चौकशी, मग ७५ सेकंदांच्या अंतरानं ९. त्याच्या भरवशावर राहू नका. प्रोग्राममधे प्रत्येक कनेक्शनची शेवटची वेळ ठेवा, ट्रॅकर ३० सेकंदांनी बोलतो तर चारपाच मिनिटं गप्प म्हणजे बंद. अन् तोच डिव्हाइस नंबर नवीन कनेक्शनवर आला की जुनं लगेच काढा.

अर्धवट तुकड्याला वेगळा, जास्त कडक टायमर ठेवा. मेसेज सुरू केला अन् २० सेकंदांत पूर्ण केला नाही तर बाहेर. २००९ मधे आलेला स्लोलॉरिस नावाचा हल्ला हेच करते, थेंब थेंब पाठवून कनेक्शन अडवून धरते, अन् फक्त शेवटच्या बाइटची वेळ पाहणारा टायमर त्याला पकडत नाही, मेसेज सुरू झाल्याची वेळ पाहावी लागते.

बंद करणं एकाच जागी

कनेक्शन बंद करायचं फंक्शन एकच, अन् फ्री, क्लोज, ब्लॉक परत करणं हे सगळं फक्त त्यातच. दहा ठिकाणी दहा पद्धतीनं बंद केलं की डबल फ्री होणारच.

तरी एक सापळा राहतोच. ईपोल-वेटनं एकदम ६४ घटना दिल्या. तिसऱ्या घटनेत ट्रक आपल्या नवीन कनेक्शनवरून बोलला, तुम्ही त्याचं जुनं कनेक्शन काढून स्ट्रक्ट फ्री केला, अन् चाळिसावी घटना त्याच जुन्या कनेक्शनची निघाली, तिच्यात फ्री झालेला पॉइंटर. यावर उपाय म्हणजे फंक्शननं फक्त क्लोज करायचं, मेल्याची खूण करायची अन् स्ट्रक्ट एका यादीत टाकायचा, सगळ्या ६४ घटना संपल्यावर यादी रिकामी करायची. घटना हातात घेताना मेल्याची खूण पाहायची. मला स्वतःला दुसरी पद्धत जास्त आवडते, स्ट्रक्टचा एक स्थिर ॲरे, ईपोलला पॉइंटर न देता ६४ बिटचा आकडा द्यायचा, खालचे ३२ बिट ॲरेतला नंबर, वरचे ३२ बिट पिढी, अन् स्लॉट मोकळा झाला की पिढी एकनं वाढवायची. जुनी घटना आली की पिढी जुळत नाही, सोडून द्या. नुसत्या डिस्क्रिप्टरच्या (कर्नल उघड्या सॉकेटला देते तो आकडा) नंबरवर ओळख ठेवू नका, कर्नल नेहमी सगळ्यात लहान मोकळा नंबर देते, म्हणजे आत्ता बंद केलेला ७१२ पुढच्याच ॲक्सेप्टला दुसऱ्या ट्रकला मिळू शकते.

ब्लॉकमधे लॉगिनची की वगैरे येत असेल तर परत करायच्या आधी पुसा, अन् मेमसेटनं नाही, यापुढे ही मेमरी कोणी वाचत नाही असं दिसलं की कंपायलर तो काढून टाकू शकते. एक्सप्लिसिट-बीझीरो त्यासाठीच आहे, जीलिबसीत २.२५ पासून.

तपासायचं कसं

जीसीसी किंवा क्लँगमधे ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) चालू करून बिल्ड करा, व्हॅलग्राइंड या तपासणीच्या टूलपेक्षा पुष्कळ वेगानं चालते त्यामुळे खऱ्या लोडवर चालवता येते. पण लक्षात घ्या, पूल वापरला की सॅनिटायझर आंधळं होते. ब्लॉक मॅलॉककडे परत जातच नाही, त्यामुळे परत केलेला ब्लॉक कोणी वापरला तरी त्याला पत्ता लागत नाही. हार्टब्लीडच्या वेळी ओपनएसएसएलच्या स्वतःच्या फ्रीलिस्टवर (मोकळ्या ब्लॉकची साखळी) हीच टीका झाली होती. म्हणून डीबग बिल्डमधे पूलचं फंक्शन सरळ मॅलॉक-फ्रीकडे वळवा, नाहीतर सॅनिटायझरचे पॉइझन करायचे (या मेमरीला हात लावणं चूक समज असं सांगायचे) मॅक्रो वापरा.

तुकड्यांचा कोड तपासायला सोपी युक्ती: डीबग बिल्डमधे रीडला ६४ केबी न सांगता दरवेळी १ ते ७ च्या मधला कुठलातरी आकडा सांगा. पार्सरमधे जी काही चूक असेल ती पाच मिनिटांत वर येते. त्यासोबत चार वाईट क्लायंट लिहून ठेवा, एक जो लांबी ६५५३५ सांगून गप्प बसते, एक जो लांबी शून्य पाठवते, एक जो कधी वाचतच नाही, अन् एक ज्याचे पॅकेट मधेच फायरवॉलच्या नियमानं गायब केले जातात. शेवटचा महत्त्वाचा आहे, प्रोसेस मारून टेस्ट केलं तर कर्नल फिन किंवा रीसेट पाठवून देते, जंगलातला ट्रक पाठवत नाही.

वापरातले ब्लॉक, आजवरचे सगळ्यात जास्त ब्लॉक, सगळ्यात लांब रांग अन् उघडी कनेक्शन, हे चार आकडे सर्व्हरनं मागितल्यावर सांगितले पाहिजेत. सिगयूझर१ वर छापत असाल तर सिग्नल हँडलरमधे फक्त फ्लॅग लावा अन् छपाई मुख्य लूपमधे करा, हँडलरमधे प्रिंटएफ चालत नाही. फक्त रेस पाहून लीक ठरवू नका, जीलिबसी फ्री केलेली मेमरी लगेच कर्नलला परत देत नाही, अन् जास्त थ्रेड असले की प्रत्येकाचे वेगवेगळे अरीना (मॅलॉकचे मेमरीचे साठे) धरून बसते. ब्लॉकचा आकडा रात्री खाली येतो अन् रेस तसाच राहतो तर लीक नाही. दोन्ही वर चढत राहिले तर शोधायला लागा.

लोड टेस्ट करताना सर्व्हर चालू असताना बंद करून पुन्हा सुरू करा, म्हणजे दहाही हजार क्लायंट एकदम तुटून एकदम परत येतील. यूलिमिटचा (प्रोसेसवरच्या मर्यादा) डिस्क्रिप्टरचा डीफॉल्ट १०२४ बऱ्याच ठिकाणी तसाच असते, तो आधी वाढवून ठेवा, अन् लिसनचा बॅकलॉगही (ॲक्सेप्टची वाट पाहणाऱ्या कनेक्शनची रांग). त्या पहिल्या मिनिटात जो सगळ्यात जास्त ब्लॉकचा आकडा दिसेल, त्याच्या दुप्पट पूल ठेवला की पुरते.